गांवाचा पैसा आणि सभेची भाषा

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या वाटेवर नेसरी हें गांव लागतें. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा राबता असलेलें हें मोठें गांव. परंतु महाराष्ट्राला त्याचें नांव ठाऊक आहे तें तेथील खिंडीमुळें. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशीं सरनौबत प्रतापराव गुजर हे अवघ्या सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर येथें तुटून पडले, आणि सातहि वीरांना रणांत मरण आलें. या कथेंतील तलवार सर्वांना दिसते. तिच्यांतील शब्दाविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. आदल्या वर्षीं उमराणीच्या लढाईंत खान कोंडींत सांपडला असतां प्रतापरावांनीं त्याची विनवणी ऐकून त्याला जाऊं दिलें होतें. तोच खान पुन्हां चालून आला, तेव्हां महाराजांनीं आपल्या सरनौबताला कठोर शब्दांत जाब विचारला, असें बखरींतून सांगितलेलें आहे. तो शब्द जिव्हारीं लागला, आणि फौजेची वाट न पाहतां प्रतापराव घोड्यावर स्वार झाले. शब्द माणसाला कोठवर नेऊं शकतो, याचें उदाहरण नेसरीकराला दूर शोधावयास नको. तें त्याच्या शिवारांतच उभें आहे.

रणांगणाचे नियम निराळे आणि चावडीचे निराळे. प्रस्तुत भाषणाचा विषय चावडीच्या नियमांचा आहे. गांवाचा किंवा शहराचा सार्वजनिक पैसा जमतो कसा, खर्च होतो कसा, आणि त्याविषयीं बोलतांना माणसें परस्परांशीं कोणत्या भाषेंत बोलतात, एवढाच त्याचा आवांका आहे. पहिली बाब हिशेबाची आणि दुसरी शिष्टाचाराची. तेव्हां या दोहोंचा एकमेकींशीं संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु ज्यानें चार-दोन सभा डोळे उघडे ठेवून पाहिल्या आहेत, त्याला या दोन भिंती एकाच जोत्यावर उभ्या असल्याचें आढळून येईल. एक खचली कीं दुसरी फार दिवस उभी राहत नाहीं.

प्रतापरावांच्याच काळांतील दुसरी एक गोष्ट येथें उपयोगी पडेल. शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलें एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांत सुप्रसिद्ध आहे. त्यांत युद्धाचा डावपेंच नाहीं. दाणा, वैरण व पावसाळा यांचा विचार आहे. जवळ असलेला सांठा चार महिने पुरवून वापरा, आज मन मानेल तसा उधळाल तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील, आणि मग रयतेला परचक्र बरें वाटूं लागेल, असा त्या पत्राचा आशय आहे. दिव्याची वात उंदरानें ओढून नेली तर वैरणीच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचा इशारा त्यांत आहे. अंदाजपत्रक म्हणजे काय, हें यापेक्षां सोप्या रीतीनें समजावून सांगणें कठीण. हिशेब चुकला कीं त्याचा भार शेवटीं गरिबाच्या घरावर पडतो, आणि राज्याविषयींचा विश्वास तेथेंच संपतो. पत्र लिहिणाऱ्याला धान्याचा कोठार आणि रयतेशीं वागण्याची रीत या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नाहींत.

आतां गांवाची थैली उघडून पाहूं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें प्रत्येक पंचायतीचा एक ग्रामनिधि ठरवून दिला आहे. त्यांत येणारा पैसा ढोबळमानानें दोन वाटांनीं येतो. पहिली वाट गांवाची स्वतःची: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा व आरोग्याचा कर, बाजाराची फी, गाळ्यांचें भाडें. दुसरी वाट वरून येणाऱ्या अनुदानांची. १९९२ सालीं झालेली ७३ वी घटनादुरुस्ति २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली आणि पंचायतींना राज्यघटनेंत स्थान मिळालें. तेव्हांपासून केंद्रीय वित्त आयोगाचीं अनुदानें हा गांवच्या जमेचा मोठा भाग झाला आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालखंडांत महाराष्ट्रांतील ग्रामीण अनुदानाचा ८० टक्के वांटा ग्रामपंचायतींना मिळाला आणि उरलेला पंचायत समिति व जिल्हा परिषद यांच्याकडे गेला. मात्र या रकमेपैकीं ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता याच कामांसाठीं बांधलेली होती; केवळ ४० टक्के रकमेवर गांवाला आपल्या गरजेप्रमाणें निर्णय घेतां येत होता.

या आंकड्यांचा मथितार्थ लक्षांत घेण्यासारखा आहे. परक्याच्या हातून आलेला पैसा परक्याच्या अटी बरोबर घेऊन येतो. गांवानें स्वतःच्या खिशांतून दिलेली घरपट्टी, मग ती थोडी कां असेना, गांवाच्या मर्जीची असते. शाळेकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक दिवा लावावयाचा झाला, स्मशानाच्या शेडवरचे चार पत्रे बदलावयाचे झाले, तर तेथें हा घरचा पैसाच उपयोगी पडतो. म्हणून घरपट्टीच्या पावतीकडे केवळ भुर्दंड म्हणून पाहणें अदूरदृष्टीचें आहे. ज्या गांवाची वसुली चांगली, त्या गांवाला वरच्या कचेरींत मान वर करून बोलतां येतें. ज्या गांवाची थकबाकी मोठी, त्याला प्रत्येक लहान कामासाठीं कोणाच्या तरी दारांत उभें राहावें लागतें.

या सर्व व्यवहाराचा आरसा म्हणजे पंचायतीचे दप्तर. २०११ च्या लेखासंहितेप्रमाणें तेथें क्रमांक दिलेले ३३ नमुने ठेवावयाचे असतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ म्हणजे कर मागणीची नोंदवही आणि नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती. घर नांवावर करण्यासाठीं किंवा कर्जाच्या कागदासाठीं नमुना ८ चा उतारा काढण्यास माणूस दहा वेळां पंचायतींत जातो. नमुना १ पाहण्यास मात्र शंभरांतून एखादाच जातो. स्वतःच्या घराची नोंद तो डोळ्यांत तेल घालून तपासतो, आणि जें गांव त्याच्या घराला रस्ता, पाणी व उजेड देतें त्याची नोंद पाहण्याची त्याला फुरसत होत नाहीं.

नमुना ९ मध्यें मागील बाकी आणि चालू मागणी असे दोन रकाने असतात. एखाद्या जाणत्या माणसानें त्या रकान्यांवरून नुसतें बोट फिरविलें, तरी त्याला गांवाच्या भांडणांचा इतिहास वाचतां येईल. गरिबीमुळें थकलेली बाकी निराळी, तिच्याकडे सहानुभूतीनेंच पाहिलें पाहिजे. परंतु पुष्कळशी बाकी रागाची असते. ‘गटार माझ्या दारावरून नेलें नाहीं, म्हणून मी पट्टी देणार नाहीं,’ असें एक म्हणतो. ‘सरपंच त्यांच्या पार्टीचा आहे, त्याच्या राज्यांत एक पैसाहि देणार नाहीं,’ असें दुसरा म्हणतो. ‘मोठ्या वाड्याची बाकी अगोदर वसूल करा, मग माझ्या दारांत या,’ असें तिसरा म्हणतो. आणि त्याच्या म्हणण्यांत कित्येकदां तथ्यहि असतें. इकडे निवडणूक जवळ आली कीं वसुलीचा तगादा लावण्यास कोणीच धजत नाहीं. मग पाणीयोजनेच्या विजेचें बिल थकतें, पंप बंद पडतो, आणि ज्यानें पट्टी वेळेवर भरली तोहि आणि ज्यानें भरली नाहीं तोहि, दोघांच्या घरच्या बायका घागर घेऊन एकाच विहिरीवर उभ्या राहतात. रागाचा जमाखर्च असा सर्वांच्या नांवें पडतो.

हा राग उत्पन्न होतो कोठें आणि वाढतो कोठें, हें पाहावयाचें तर ग्रामसभेंत जावें लागतें. कायद्यानें वर्षांतून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठीं सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. सभेची गणपूर्ति एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल ती. नेसरीसारख्या मोठ्या गांवीं म्हणजे ती शंभरच झाली. एवढीं माणसें जमलीं नाहींत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाहीं. या एका नियमांत केवढा धोका दडला आहे, हें ध्यानांत घ्यावें. शंभर माणसें घरीं बसलीं, तर पुढच्या खेपेस जमलेलीं मूठभर माणसें त्यांच्या वतीनें लाखांचे ठराव करूं शकतात, आणि ते ठराव कायदेशीरहि ठरतात.

मग माणसें घरीं कां बसतात? शेतींतील काम हें एक कारण आहे. परंतु तें सर्वांत मोठें कारण नव्हे. सभेचें एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. तें कोणा एका गांवाचें नाहीं. इतिवृत्त वाचून होतें न होतें तोंच कोणी तरी उभा राहून गेल्या वर्षींच्या खडीकरणाचा हिशेब विचारतो. प्रश्न रास्त असतो, परंतु तो विचारतांना तो ‘किती पैसे खाल्ले?’ असा विचारला जातो. उत्तर देणाऱ्याला हिशेब सांगावयाचा असतो, तरी तो हिशेब बाजूला ठेवून विचारणाऱ्याच्या बापाच्या जमिनीचें प्रकरण काढतो. मागच्या रांगेंतून दोन्हीकडचे लोक उठतात. कोणी टेबलावर हात आपटतो, कोणी नोंदवही ओढतो. म्हातारे हळूच उठून चालूं लागतात. ज्या दोन-चार बायका धीर करून आलेल्या असतात, त्या पुढच्या सभेला न येण्याचा निश्चय करूनच घरीं जातात. सभा संपते, आणि खडीकरणाचा हिशेब जेथल्या तेथें राहतो.

या प्रसंगांत विजय कोणाचा झाला? विचारणाऱ्याचा झाला नाहीं, कारण त्याला उत्तर मिळालें नाहीं. गांवाचाहि झाला नाहीं, कारण त्याला कांहीं कळलें नाहीं. ज्याला हिशेब द्यावयाचा नव्हता, त्याचा मात्र विजय झाला. गोंधळाचा लाभ नेहमीं त्यालाच होतो. म्हणून सभेंतील सौजन्य हें दुबळ्या माणसाचें लक्षण मानणें ही मोठी चूक आहे. सौजन्य हें हिशेब मागणाऱ्याचें शस्त्र आहे. शांतपणें विचारलेल्या प्रश्नाला टाळतां येत नाहीं. शिवी देऊन विचारलेल्या प्रश्नाला शिवी परत देऊन टाळतां येतें.

याच्या उलट टोंकाचा एक दोष आहे, आणि तो अधिक घातक आहे. कित्येक गांवांत सभा अगदीं शांत असतात. सर्व ठराव एकमतानें मंजूर होतात, चहा होतो, फोटो निघतो. परंतु ही शांतता सौजन्याची असतेच असें नाहीं. ‘आपलाच माणूस आहे, कशाला विचारावें?’ ‘आज त्याची पाळी, उद्यां आपली,’ असल्या समजुतीनें ती विकत घेतलेली असते. तोंडदेखल्या गोडीनें पैसा वाहून जातो, आणि आरडाओरड्यानेंहि पैसा वाहून जातो. सौजन्य या दोहोंच्या मधला कठीण मार्ग आहे: प्रश्न सोडावयाचा नाहीं, आणि माणसाचा मान काढावयाचा नाहीं.

या कठीण मार्गावरून जाणारीं माणसें महाराष्ट्रांत होऊन गेलीं आहेत. मुंबई शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक १८६५ सालीं झाली. मोठा धडाडीचा गृहस्थ. त्यानें शहराची साफसफाई केली, रस्ते सुधारले, आणि १८६९ मध्यें पुरी झालेली मंडई पुढें त्याच्याच नांवानें ओळखली गेली. परंतु खर्चाला आवर राहिला नाहीं, कर वाढले, आणि १८७१ मध्यें करदात्यांचा क्षोभ उसळला. ज्याच्या त्याच्या तोंडीं क्रॉफर्डचें नांव दूषणासह होतें. अशा वेळीं फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरानें भर सभेंत एक अप्रिय मत मांडलें. एका माणसाला शिव्या देऊन शहराचा प्रश्न सुटणार नाहीं. दोष कारभाराच्या रचनेंत आहे. अधिकाऱ्यावर लक्ष ठेवणारे लोकनियुक्त सभासद असावेत, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश होता. श्रोत्यांना तें रुचलें नाहीं. परंतु १८७२ सालीं जो कायदा झाला, त्यानें ६४ सभासदांची सभा निर्माण केली आणि त्यांपैकीं निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनीं निवडावयाचे ठरविलें. पुढें १८८८ च्या कायद्याच्या घडणींत स्वतः मेहता आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. जमावाचा राग खरा होता, पण त्याला दिशा दिली ती शांत डोक्याच्या माणसांनीं. राग तसाच मोकाट राहिला असता तर एक कमिशनर जाऊन दुसरा आला असता; थैलीवर लोकांची नजर मात्र बसली नसती.

दुसरें उदाहरण पुण्याचें. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉयच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव सभेपुढें आला. ज्या सरकारनें सभासद म्हणून नेमलें त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा हा सत्कार. त्याला विरोध करण्यास कोण धजणार? जोतीरावांनीं हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करणें योग्य होईल असें मत मांडलें आणि ठरावाच्या विरुद्ध एकट्यानें मत दिलें. ठराव संमत झाला. सभा उधळली गेली नाहीं, कोणाची अप्रतिष्ठा झाली नाहीं. परंतु त्या एका मताची आठवण शतकाहून अधिक काळ टिकली आहे. सौजन्य म्हणजे होस हो मिळविणें नव्हे, हें शिकविण्यास दुसऱ्या धड्याची गरज नाहीं.

तिसरें उदाहरण नेसरीच्या जवळचें, म्हणजे कोल्हापूर शहराचें. या शहराला नगरपालिका मिळाली ती १८५४ सालीं, आणि १५ डिसेंबर १९७२ रोजीं तिची महानगरपालिका झाली. महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात १९९९ मध्यें उठली आणि त्या सरकारी साह्यावर अवलंबून राहिल्या; महानगरपालिकांच्या जकातीची जागा पुढें स्थानिक संस्था करानें घेतली, आणि तोहि २०१५ मध्यें बव्हंशीं रद्द झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर शहरांच्या तिजोरीचा मोठा आधार राज्याकडून येणारी भरपाई हाच राहिला. ज्यांच्या हातीं कर बसविण्याचा अधिकार थोडा आणि रस्त्यांची गरज मोठी, अशा संस्थांना उसन्या पैशाचा मोह पडतो. कोल्हापुरांत सुमारें ५० किलोमीटर रस्ते सुमारें २२० कोटि रुपये खर्चून खाजगी कंपनीकडून बांधून घ्यावयाचे आणि तिनें ३० वर्षें टोल घेऊन पैसा वसूल करावयाचा, असा करार झाला. करारावर सह्या झाल्या तेव्हां सामान्य नागरिकाला त्याचा अर्थ समजला नव्हता. शहराच्या वेशीवर नाकीं उभीं राहिलीं तेव्हां तो समजला.

मग जें आंदोलन झालें तें सर्वांच्या स्मरणांत आहे. प्राध्यापक एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या वयोवृद्ध पुढाऱ्यांनीं सर्व पक्षांच्या लोकांना एकत्र आणलें, मोर्चे काढले, करारांतील कलमें लोकांना समजावून सांगितलीं. २०१३ मध्यें टोलवसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्यें लोकांचा संयम सुटला आणि नाकीं पेटलीं. न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. अखेर डिसेंबर २०१५ मध्यें टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. ती ऐकण्यास पानसरे हयात नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं सकाळीं त्यांच्यावर कोल्हापुरांतच गोळ्या झाडण्यांत आल्या आणि २० फेब्रुवारीस त्यांचा अंत झाला. आयुष्यभर पुस्तक, सभा व युक्तिवाद हींच साधनें वापरणाऱ्या माणसाला बंदुकीनें गप्प करण्यांत आलें. वादाची भाषा सुटली कीं समाज कोणत्या कड्याच्या टोंकावर येऊन उभा राहतो, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.

या टोलच्या कथेंतून हिशेबाचा जो धडा निघतो तोहि विसरूं नये. रस्ते फुकट झाले नव्हते. वाहनवाल्याच्या खिशांतून न गेलेला पैसा अखेर सरकारी तिजोरींतून देण्याची व्यवस्था करावी लागली, आणि सरकारी तिजोरी म्हणजे पुन्हां तोच वाहनवाला, तोच कुणबी आणि तोच दुकानदार. करार करण्यापूर्वीं दहा सभा शांतपणें झाल्या असत्या, प्रत्येक कलम मराठींत छापून वांटलें असतें, नागरिकांनीं तेव्हांच प्रश्न विचारले असते, तर पुढचीं वर्षें रस्त्यावर घालविण्याची पाळी आली नसती. आधीं विचारलेला प्रश्न स्वस्त असतो. मागाहून विचारलेल्या प्रश्नाची किंमत फार पडते.

कोणी म्हणेल, मोठ्या शहरांच्या या गोष्टी खेडेगांवाला काय उपयोगी? तर त्यांतून निघणारे आचाराचे चार-सहा नियम अगदीं साधे आहेत. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर त्याचा एका पानाचा सारांश मोठ्या अक्षरांत चावडीच्या फळ्यावर लावावा. जमा किती, खर्च किती, कोणत्या वाडीला काय, एवढें त्यांत असलें तरी पुरे. मागासवर्गीयांसाठीं उत्पन्नाचा १५ टक्के आणि महिला व बालकल्याणासाठीं १० टक्के भाग खर्च करावयाचा असतो. तो कोठें खर्च झाला हें त्याच फळ्यावर लिहावें. प्रश्न विचारणारानें माणसाचें नांव न घेतां बाबीचा क्रमांक घ्यावा. ‘बाब सातमध्यें दाखविलेल्या रकमेचें मोजमाप-पुस्तक दाखवावें,’ असें म्हणण्यानें जें काम होतें, तें दहा आरोपांनीं होत नाहीं. उत्तर देणारानें ठाऊक नसेल तर ‘आठ दिवसांत लेखी उत्तर देतों’ असें म्हणावें आणि तें द्यावें. अध्यक्षानें आपल्या बाजूच्या माणसाला अगोदर गप्प करावें, मग दुसऱ्या बाजूच्या. इतिवृत्तांत ठरावाबरोबर विरोधहि लिहिला जावा. ज्याचा विरोध कागदावर येतो, त्याला तो ओरडून सांगावा लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. २०११ पासून महाराष्ट्रांत पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत, आणि शेंकडों गांवांच्या सरपंचपदावर स्त्रिया आल्या आहेत. त्यांच्याशीं गांव कसें बोलतें, यावरून त्या गांवाची संस्कृति ओळखावी. खुर्चींत सरपंचबाई बसलेल्या असतांना प्रश्न त्यांच्या यजमानांना विचारावयाचा, किंवा ‘अमक्याच्या सूनबाई’ म्हणून त्यांना हांक मारावयाची, हा केवळ त्या बाईंचा अपमान नाहीं. ज्या मतदारांनीं त्यांना बसविलें त्यांचाहि तो अपमान आहे. ग्रामसभेपूर्वीं महिलांची निराळी सभा घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. ती जेथें मनापासून पाळली जाते, तेथें पाण्याच्या खर्चाची चौकशी फार बारकाईनें होते, कारण घागरीचा भार कोणाच्या कमरेला आहे हें त्या सभेला सांगावें लागत नाहीं.

पंचायतीच्या नोकराविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. ग्रामसेवक, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी हें नांव मिळालें, तो दोन्ही गटांच्या माऱ्यांत सांपडलेला असतो. पाणी सोडणारा शिपाई तर सर्वांत खालचा. त्याच्यावर जो तो राग काढतो. वरच्याला जाब विचारण्याचें धैर्य नाहीं म्हणून खालच्यावर ओरडणें हें शौर्य नव्हे. नोकरानें चूक केली असेल तर लेखी तक्रार करावी. परंतु पहांटे चारला उठून व्हॉल्व फिरविणाऱ्या माणसाला नांवानें हांक मारून बोलावें, एवढी माणुसकी अंदाजपत्रकांत तरतूद नसतांनाहि परवडते.

१८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्याचा जो ठराव काढला, त्यांत या संस्थांकडे लोकांना राज्यकारभाराचें शिक्षण देणाऱ्या शाळा म्हणून पाहिलें होतें. शाळेंत चुका होतात, गोंधळ होतो. तेथें शिकणाऱ्याला चुकण्याचा हक्कच असतो. परंतु शाळाच बंद राहिली तर शिक्षण खुंटतें. कोल्हापूर महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें संपल्यानंतर तेथें दीर्घ काळ प्रशासकाचा कारभार चालला, आणि राज्यांतील इतर पुष्कळ संस्थांचीहि तीच अवस्था झाली. त्या काळांत भांडणें कमी झालीं असें कांहींजणांनीं समाधानानें म्हटलें. भांडणें कमी झालीं हें खरें. पण विचारणारेहि कमी झाले. रिकाम्या सभागृहांत शिष्टाचार पाळणें सोपें असतें. भरलेल्या सभागृहांत, डोळ्यांसमोर प्रतिपक्ष बसलेला असतांना, जो शिष्टाचार पाळला जातो त्यालाच स्वराज्याचा शिष्टाचार म्हणावें.

नेसरीच्या खिंडींतील स्मारकापुढें माणूस उभा राहिला कीं त्याचा ऊर भरून येतो, आणि आपणहि कांहीं तरी पराक्रम करावा असें त्याला वाटतें. तो पराक्रम करण्यास आतां खिंडीपर्यंत जावयास नको. दुसऱ्याचें अप्रिय बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेणें, आपल्या माणसाची चूक चारचौघांत कबूल करणें, रागावलेल्या मनानेंहि घरपट्टी मुदतींत भरणें, आणि हिशेब मागतांना आवाज न चढविणें, यांसाठीं लागणारें धैर्य तलवारीच्या धैर्यापेक्षां कमी प्रतीचें नाहीं. फक्त त्याचें स्मारक कोणी बांधीत नाहीं. खिंडींत सात जण पुरे झाले. ग्रामसभेला मात्र शंभर लागतात. त्या सातांनीं एका शब्दासाठीं प्राण दिले. या शंभरांकडून गांव मागतें तें एवढेंच, कीं त्यांनीं वर्षांतून चार वेळां येऊन दोन तास बसावें, आणि शब्द जपून वापरावा.